पुस्तक पाहावे काढून
(स्वखर्चाने लेखक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका)

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे सांगून ठेवले आहे. ही म्हण पडली तेव्हा डीटीपी नव्हते, म्हणून यादी दोनवरच थांबली. आता तिसरी बाब जोडायला हरकत नाही. घर बांधले की निदान राहायला मिळते, लग्नात आहेर तरी येतो. पुस्तक काढले की आहेर आपणच वाटायचा असतो, आणि तोही सही करून.

पात्रता

पुस्तक काढायला दोन गोष्टी लागतात, लेखन आणि पैसे. लेखन कमी पडले तर टाइप मोठा घेता येतो, प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू करता येते, कविता असतील तर पानाला एकच लावून समोर रेखाचित्र टाकता येते. पैसे कमी पडले तर यातले काहीच करता येत नाही. म्हणून सुरुवात पैशांपासून करावी. ते साधारणपणे तीन ठिकाणांहून येतात : निवृत्तीचा फंड, दिवाळीचा बोनस आणि परदेशातला मुलगा. ‘बाबांची हौस आहे ना, मग होऊ दे,’ हे वाक्य न्यू जर्सीहून आले की अर्थसंकल्प मंजूर झाला असे समजावे.

तुम्ही प्राध्यापक असाल तर पुढचे वाचण्याची गरज नाही. यूजीसीच्या २०१० च्या नियमावलीत बढतीसाठी एपीआय नावाचे गुण आले आणि आयएसबीएन असलेल्या पुस्तकाला त्यात वजन मिळाले. गुणांवरून बढती, बढतीवरून वेतनश्रेणी. एकही प्रत न खपता पैसे परत करणारे मराठीतले पुस्तक हेच. बाकीच्यांनी वही-पेन घेऊन बसावे.

प्रकाशक मिळत नाही, हा गैरसमज

मिळतो. हस्तलिखित पाठवल्यावर काही दिवसांतच गोड पत्र येते. लेखन आवडले आहे, शैली ओघवती आहे, परंतु कागदाचे भाव आपण जाणताच, तेव्हा लेखकाने २०० प्रती ३० टक्के सवलतीत खरेदी कराव्यात अशी अपेक्षा आहे. पुस्तकाची किंमत २५० असेल तर हे ३५,००० रुपये झाले आणि ते छपाईआधी द्यायचे. एकूण प्रती ३०० काढल्या तर जवळजवळ सगळा खर्च इथेच निघतो. पुस्तकाच्या कण्यावर बोधचिन्ह त्यांचे, पैसे तुमचे, आणि करारात रॉयल्टी १० टक्के, तीही ‘उर्वरित प्रतींच्या प्रत्यक्ष विक्रीवर’. उर्वरित प्रती विकण्याची घाई आता कोणालाच नसते.

सगळे प्रकाशक असे नाहीत, हे सांगायला हवे. स्वतःचे पैसे घालून, संपादक बसवून, वर्षाकाठी रॉयल्टीचा हिशेब पाठवणारे प्रकाशक मराठीत आहेत आणि त्यांच्याकडे रांग आहे. पण २०० प्रतींचे पत्र आले असेल तर एक ओळखावे : तुम्हाला प्रकाशक मिळालेला नाही, गिऱ्हाईक म्हणून तुम्ही त्याला मिळाला आहात. त्यापेक्षा पुस्तक उघडपणे स्वतःच काढावे. निदान पैसा कुठे गेला ते कळते.

फर्मा आणि इतर शत्रू

समजा, तुमची १६० पानांची कादंबरी आहे, डेमी आकार, ५०० प्रती. छापखान्यात पुस्तक पानांत मोजत नाहीत, फर्म्यांत मोजतात. फर्मा १६ पानांचा. तुमची कादंबरी बरोबर दहा फर्म्यांत बसली. ती १६३ पानांत संपली असती तर अकरावा फर्मा चढला असता, निदान पाव तरी. अशा वेळी तीन पाने कापावीत. मराठी कादंबरीवर याहून परिणामकारक संपादन क्वचितच होते.

दर गावागणिक आणि छापखान्यागणिक बदलतात, तरी वहीत मांडण्यापुरते असे धरू. अक्षरजुळणी आणि मांडणी पानाला ४० रुपये, म्हणजे ६,४००. मुद्रितशोधन पानाला २५, म्हणजे ४,०००. मुखपृष्ठ ६,०००. कागद, छपाई, लॅमिनेशन, बांधणी मिळून प्रतीला ८० रुपये, म्हणजे ४०,०००. एकूण ५६,४००. एक प्रत पडली सुमारे ११३ रुपयांना. किंमत छापली २५०. इथे नवोदित लेखकाच्या चेहऱ्यावर जे हसू येते ते बघून ठेवावे, पुढे दिसणार नाही.

मुद्रितशोधनाचे ४,००० वाचवण्याचा मोह प्रत्येकाला होतो. भाचीचे मराठी चांगले आहे, ती बघेल. जरूर बघावे, पण जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर युनिकोडमध्ये आणला की रफार उठून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो आणि ‘सर्व’चे ‘सवर्’ होते, तेही दर पानावर. भाचीला ते पडद्यावर दिसत नाही. प्रकाशनाच्या दिवशी पहिले पान उघडणाऱ्या पाहुण्याला मात्र लगेच दिसते.

आता ५०० प्रतींचे काय होते ते पाहू. प्रमुख पाहुणे, अध्यक्ष, प्रस्तावनाकार, मुखपृष्ठकार यांच्या प्रती. वृत्तपत्रे आणि मासिकांना ‘अभिप्रायार्थ दोन प्रती’. पुरस्कारांच्या प्रवेशिकेसोबत तीन-चार प्रती, काही ठिकाणी वर प्रवेशशुल्क. ऋणनिर्देशात ज्यांची नावे आहेत ते, आणि नाव राहून गेल्याने रुसलेले. सासर, माहेर, सोसायटीचे चेअरमन, फॅमिली डॉक्टर. हात कितीही आखडला तरी १०० प्रती सहज जातात.

राहिल्या ४००. वितरकाला ५० टक्के सूट द्यावी लागते. ऐकायला जास्त वाटते, पण त्यातून तो दुकानदाराला २५-३० टक्के देतो, वाहतूक सोसतो आणि न खपलेल्या प्रती परत आणतो. तुमच्या हाती प्रतीमागे १२५. चारशे गुणिले १२५, पन्नास हजार.

म्हणजे वाटून उरलेली प्रत न् प्रत खपली, आवृत्ती संपली, तरी ६,४०० रुपये गेले. ‘आता दुसरी आवृत्ती काढच,’ म्हणणाऱ्या मित्रांना हे पान दाखवावे.

या व्यवहारात लबाडी कोणीच केलेली नाही. डीटीपीवाल्याने काम केले, पैसे घेतले. कागदवाला, मुद्रक, बाइंडर, वितरक, दुकानदार, टेम्पोवाला, सगळ्यांना आपापली मजुरी मिळाली. साखळीत एकच माणूस फुकट राबला, आणि सगळे चेक लिहिणाराही तोच.

कायद्याच्या बाबी, थोडक्यात

आयएसबीएन भारतात फुकट मिळतो. दिल्लीतील राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडे ऑनलाइन अर्ज करायचा. तो मिळवून देण्याचे कोणी हजार-दोन हजार मागितले तर ते त्याच्या फॉर्म भरण्याच्या कौशल्याचे आहेत.

१९५४ च्या कायद्यानुसार पुस्तक निघाल्यापासून ३० दिवसांत त्याची एकेक प्रत कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा, मुंबईत एशियाटिकच्या इमारतीतले मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी यांना स्वखर्चाने पाठवायची असते. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत, अधिक पुस्तकाच्या किमतीइतकी रक्कम. दंडात पुस्तकाचे मूल्य धरले जाते, वितरकाची सूट वजा होत नाही. तुमचे पुस्तक छापील किमतीला जाण्याची हीच काय ती शाश्वती.

छापील पुस्तकावर जीएसटी नाही. कागदावर आहे, छपाईवर आहे. पुस्तक करमुक्त असल्याने भरलेला कर वळता करून घेता येत नाही, तो तुमच्याच खर्चात जाऊन बसतो. प्राप्तिकराच्या जुन्या प्रणालीत लेखकाच्या रॉयल्टीवर ३ लाखांपर्यंत वजावट ठेवली होती. सरकारला मराठी लेखकाविषयी इतका विश्वास वाटावा याचे समाधान आहे. मात्र तुम्हाला रॉयल्टी देणारे तुम्हीच, तेव्हा या सवलतीकडे केवळ कौतुकाने पाहावे. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. दिवाणाखालच्या न खपलेल्या गठ्ठ्यांसोबत तोही वारसांना मिळतो.

सोहळा

प्रकाशन समारंभ केला नाही तर पुस्तक निघाले असे कोणी मानत नाही. समारंभ केला तरी ते वाचतील असे नाही. सभागृहाचे भाडे ५,०००, ऐंशी जणांचे बटाटेवडा आणि कॉफी ४,८००, चार शाल-श्रीफळ २,०००, पाहुण्यांची गाडी ४,०००, फ्लेक्स आणि पत्रिका २,०००, फोटोग्राफर २,५००. वीस हजार झाले, वर तीनशे. पाहुणे मोठ्या गावाहून येणार असतील तर मुक्कामाचे वेगळे.

वक्ते क्रमाने बोलतात. पहिले म्हणतात, लेखक माझा जुना स्नेही. दुसरे म्हणतात, प्रत कालच हाती आली, येताना गाडीत चाळली. तिसऱ्यांनी पुस्तक खरोखरच वाचलेले असते, पण तोपर्यंत वेळ संपत आलेला असतो आणि वड्यांचा वास सुटलेला असतो. सभागृहाच्या दाराशी मेव्हणा टेबल टाकून बसलेला. आज विशेष सवलत, अडीचशेचे पुस्तक दोनशेत. त्या संध्याकाळी जितक्या प्रती जातात तितक्या नंतर एका दिवसात कधीच जात नाहीत, म्हणून मेव्हण्याला वडा खायला मध्येच उठू देऊ नये. सुटे पैसे ठेवावेत आणि क्यूआर कोड मोठा छापावा. हा सल्ला चेष्टेने दिलेला नाही. ओळखीतला माणूस टेबलापाशी आला, सुट्या पैशांवरून अडला, की ‘घरी येऊन घेतो’ म्हणतो. घरी येतो, चहा घेतो, पुस्तकही घेतो.

दुकानात

वितरक टाळून स्वतः दुकाने फिरायची असतील तर पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून सुरुवात करावी. पिशवीत वीस प्रती, खिशात चलनबुक. काउंटरवर शालेय पुस्तकांची गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभे राहावे.

‘काय आहे, काका?’

‘कादंबरी. माझी आहे.’

‘हां. कवितासंग्रह नाही ना? बरं. पाच ठेवून जा. खपल्यावर हिशेब.’

‘पुढे, दिसतील अशा ठेवाल ना?’

‘काका, पुढे मृत्युंजय असतं.’

सहा महिन्यांनी जावे. काउंटरवरचा मुलगा बदललेला असतो. नव्या मुलाला चलन दाखवावे, तो आत जाऊन माळ्यावरून दोन प्रती काढतो, एकीच्या मुखपृष्ठावर दोरीचा वळ उठलेला. म्हणजे तीन खपल्या. दुकानदाराची ३० टक्के सूट वजा जाता पाचशे पंचवीस रुपये. मालक म्हणतात, पुढच्या महिन्यात या, चेक काढून ठेवतो. दोन खेपांचे पेट्रोल आणि पार्किंग वहीत लिहू नये, उगाच जीव खालीवर होतो.

दुकानदार दुष्ट नाही. दर आठवड्याला असे चार काका येतात आणि त्याचे फळकूट तेवढेच आहे. शिवाय त्याला भाडे आहे.

ग्रंथालयांचे नाव काढले की नवोदितांचे डोळे चमकतात. राज्यात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये अकरा-बारा हजार, अ, ब, क आणि ड वर्गांतली. प्रत्येकाने एक प्रत घेतली तरी! पण ड वर्गाच्या ग्रंथालयाचे अनुदान ते काय, त्यातून वीज, वर्तमानपत्रे आणि अर्धवेळ ग्रंथपालाचे मानधन भागवायचे. मार्चअखेर पुस्तकांसाठी पैसे उरतात ते ठोक पुरवठादाराकडे जातात, कारण तो सूट अधिक देतो आणि एका बिलात शंभर पुस्तके देतो. एकट्या पुस्तकासाठी वेगळे बिल करायला ग्रंथपालाला वेळ नसतो.

साहित्य संमेलनात गाळा घ्यावा का? एका पुस्तकासाठी नाही. चार-पाच लेखकांनी मिळून घेतला तर भाडे विभागते आणि जेवायला आळीपाळीने जाता येते.

टपालाने मात्र परवडते. पुस्तकांची जुनी स्वस्त रजिस्टर्ड सेवा डिसेंबर २०२४ मध्ये बंद झाली तेव्हा लहान प्रकाशकांनी बराच गलका केला. मग १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट आली, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, अधिक कर. तुमची १६० पानी कादंबरी ७० जीएसएम कागदावर असेल तर पाकिटासह त्यात बसते. पाने याहून बरीच जास्त असतील तर मात्र कागद ८०चा घेऊन ‘पुस्तक हातात भरायला हवे’ असा हट्ट धरू नये. पुस्तक हातात भरते तसे काट्यावरही भरते.

ई-बुक हा फुकटचा मार्ग आहे, म्हणून तो शेवटी आठवतो. किंडलवर मराठीची सोय २०१६ च्या अखेरीपासून आहे. ७० टक्के रॉयल्टीची जाहिरात वाचून हुरळू नये. भारतातल्या विक्रीवर ती हवी असेल तर पुस्तक ई-स्वरूपात दुसरीकडे कुठेही देणार नाही असे बांधून घ्यावे लागते. नाहीतर ३५ टक्के. आणि पुस्तक थोडे जरी चालले तरी त्याची पीडीएफ तुमच्याच ज्येष्ठ नागरिक संघाच्या व्हॉट्सअॅप गटावर येते, ‘अतिशय सुंदर, जरूर वाचा’ या शिफारशीसह. खाली तुमचा अंगठा अपेक्षित असतो.

मग करावे काय

एवढे वाचूनही ज्यांचा निश्चय ढळलेला नाही त्यांच्यासाठी.

पुस्तक पहिले असेल तर छापखान्यात जाण्याआधी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची जाहिरात पाहावी. तिथे हस्तलिखित लागते, छापील पुस्तक नव्हे. बरेच जण पुस्तक काढून मग चौकशी करतात.

पाचशे प्रती छापू नयेत. ऑफसेटला ५०० वर प्रत ८० रुपयांना पडते, डिजिटलला १०० वर १३० धरा. महाग वाटते, पण वहीत बघा. अक्षरजुळणी, शोधन, मुखपृष्ठ मिळून १६,४०० आणि शंभर प्रतींचे १३,०००, एकूण २९,४००. किंमत ३०० ठेवा. पंधराच प्रती वाटा, ८५ स्वतः विका, पूर्ण किमतीला. आले २५,५००. तोटा ३,९००. दिवाणाखाली काही नाही. हे ३,९०० गेले असे धरून दुसरे शंभर छापले तर मांडणीचा खर्च पुन्हा नाही. फक्त १३,०००. त्यातले ९५ विकले तर २८,५०० येतात. पुस्तक फिटले, वर टपालखर्च सोसूनही काही हजार राहिले.

अडचण आकड्यांत नाही. पहिले शंभर ओळखीतले असतात, दुसरे शंभर ओळखीबाहेरचे. ओळखीच्या लोकांच्या जोरावर कोणतेही पुस्तक निघते. ओळखीबाहेर जाण्यासाठी ते चांगले असावे लागते, आणि त्याची किंमत कोणत्याही कोटेशनमध्ये धरलेली नसते.

पैसे आधी गोळा करण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी ज्ञानकोशासाठी नागपुरात चक्क लिमिटेड कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमवले, तेव्हा १९२०च्या दशकात तेवीस खंड उभे राहिले. त्या सगळ्या यातायातीवर त्यांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ हे आणखी एक पुस्तक लिहिले. मुंबईत १९७६ च्या सुमारास आदिल जस्सावाला, अरुण कोलटकर, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गीव्ह पटेल या चौघा कवींनी क्लिअरिंग हाऊस नावाने आपलेच प्रकाशन चालवले. कोलटकरांचे इंग्रजी ‘जेजुरी’ त्यातून आले. तुमची कादंबरी ज्ञानकोश नाही आणि जेजुरीही नसेल, पण प्रकाशनपूर्व सवलत जाहीर करून साठ जणांचे पैसे आधी घेणे तुम्हालाही जमेल. साठ जण मिळाले नाहीत तर ती माहितीसुद्धा छपाईआधी मिळालेली बरी.

ही मार्गदर्शिका लेखकांसाठी लिहिली असली तरी वाचणाऱ्यांत लेखक नसलेलेही दोघे-चौघे असतील. त्यांना एवढीच विनंती. ओळखीच्या कोणी पुस्तक काढले तर ‘मला सहीची प्रत हवी हं’ म्हणावे, त्यांना ते आवडते. पण म्हणतानाच फोन काढून पैसे पाठवावेत. किंमत मलपृष्ठावर छापलेली असते. ती पूर्ण द्यावी.